तीन ग्रांट : एका वंशावळीची चिकित्सा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पेणेहून आमच्याकडे गडबास एक हस्तलिखित टिपण अभिप्रायार्थ धाडलें. हे गृहस्थ जुनीं कागदपत्रें व पोथ्या जमविणारे असून त्यांच्या संग्रहांतील मोडी रुमाल आम्हीं स्वतः पाहिलेले आहेत. टिपणाचा विषय मात्र या वेळीं नवा होता. मुंबई इलाख्यांत येऊन गेलेल्या स्कॉटलंडच्या ‘ग्रांट’ घराण्याची वंशावळ त्यांत मांडली होती. मजकूर नीट, अक्षर वळणदार, तक्ता तांबड्या-काळ्या शाईनें आंखलेला. सोबतच्या पत्रांत, अभिप्राय अनुकूल असल्यास टिपण मंडळाच्या संग्रहास अर्पण करण्याचा मनोदय त्यांनीं कळविला होता.

अभिप्राय अनुकूल देतां आला नाहीं. तो कां देतां आला नाहीं याचीं कारणें पत्रानें कळवून विषय संपला असता. परंतु टिपणांत झालेल्या चुका एकट्या त्या लेखकाच्या नव्हेत. आपल्याकडील पुष्कळ कुलवृत्तांतांत त्याच चुका त्याच क्रमानें झालेल्या आहेत. शिवाय त्यांतील मुख्य चुकीचें मूळ कोठें निघालें हें सांगण्याचें आमच्यावर कर्तव्यच येऊन पडलें आहे. म्हणून टिपणकर्त्याची अनुमति घेऊन ही चिकित्सा येथें करीत आहों.

टिपणाचा सिद्धांत थोडक्यांत असा : साताऱ्याचा पहिला रेसिडेंट व मराठ्यांच्या इतिहासाचा कर्ता जेम्स ग्रांट डफ, मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रांट, आणि एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रांट हे तिघे एकाच कुटुंबांतील होत. पैकीं पहिले दोघे सख्खे भाऊ, व तिसरा हा दुसऱ्याचा पुत्र. याचीं प्रमाणें चार दिलीं आहेत : आडनांव एक, देश एक, काल परस्परांस लागून, आणि अलेक्झांडरच्या पित्याचें नांव खरोखरच ‘सर रॉबर्ट ग्रांट’. हीं चारही विधानें खरीं आहेत, आणि तरीही सिद्धांत सर्वस्वीं खोटा आहे. वंशसंशोधनाच्या अभ्यासकास यापेक्षां चांगला धडा मिळणें कठीण.

प्रथम पहिल्या दोघांविषयीं. जेम्स ग्रांट याचा जन्म स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बँफ या गांवीं ८ जुलै १७८९ रोजीं झाला. त्याचा पिता जॉन ग्रांट, किनकार्डिन ओनील येथील. माता मार्गारेट, ही ईडन येथील डफ घराण्यांतील. पिता लवकर वारल्यावर आई मुलास घेऊन अॅबर्डीन शहरीं आली, व तेथें मारिशल कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें. १८०५ सालीं लष्करी उमेदवारी पत्करून तो मुंबईस निघाला. उलटपक्षीं गव्हर्नर रॉबर्ट ग्रांट याचा जन्म बंगाल्यांतला. त्याचा पिता चार्ल्स ग्रांट हा कंपनीच्या नोकरींत तेथें होता व पुढें लंडनास कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. एकाचा पिता जॉन, दुसऱ्याचा चार्ल्स; येथेंच सख्ख्या भावांची कल्पना कोसळते. ती तपासण्यास परदेशचीं दप्तरें धुंडाळण्याचीही जरूर नव्हती. कोणत्याही बऱ्या चरित्रकोशांत दोन्ही पित्यांचीं नांवें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं असतीं तरी पुरें होतें.

तिसऱ्याचें प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण येथें पित्याचें नांवही जुळतें. अलेक्झांडर ग्रांट हा न्यायमूर्ति रानडे एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत असतां तेथें होता. पुढें तो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरु झाला, व १८६८ सालापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८८४ पर्यंत, एडिंबरो विद्यापीठाचा मुख्य होता. याचा जन्म १८२६ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं झाला. पिता सर रॉबर्ट इन्स ग्रांट, डॅल्वीचा बॅरोनेट. आतां कालक्रम पाहावा. गव्हर्नर रॉबर्ट ग्रांट याचें लग्न १८२९ सालचें; तेव्हां अलेक्झांडर तीन वर्षांचा होता. गव्हर्नर पुण्याजवळ दापोडी येथें १८३८ सालीं वारला. अलेक्झांडरास पित्याच्या पश्चात् बॅरोनेट पद मिळालें तें १८५६ सालीं. म्हणजे गव्हर्नराच्या मृत्यूनंतर अठरा वर्षें हा दुसरा रॉबर्ट हयात होता. गव्हर्नराचे खरे पुत्र चार्ल्स व रॉबर्ट. त्यांतील रॉबर्ट हा १८३७ सालीं मुंबईस मलबार टेकडीवर जन्मला व पुढें लष्करी इंजिनियर खात्यांत मोठ्या हुद्द्यास चढला.

टिपणकर्त्यास ‘सर’ या उपपदानें फसविलें. त्यानें दोन्ही रॉबर्टांच्या नांवामागें तें पाहिलें आणि व्यक्ति एकच मानली. परंतु ‘सर’ दोन प्रकारचे असतात. नाइट हा किताब त्या पुरुषाच्या हयातीपुरता. बॅरोनेट हें पद वंशपरंपरेचें. आपल्या सनदा वाचणारास हा भेद नवा नाहीं. ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें’ दिलेलें इनाम आणि हयातीपुरतें दिलेलें इनाम यांत अंतर किती हें इनाम कमिशनच्या काळांत ज्यांच्या घरीं कागद तपासले गेले त्यांच्या वंशजांस विचारावें. गव्हर्नर हा नाइट होता. त्याच्या मुलास बापाच्या पश्चात् कोणतेंही पद मिळण्याचा संभव नव्हता. अलेक्झांडरास तें मिळालें, एवढ्या एका गोष्टीवरून त्याचा पिता निराळा असला पाहिजे हें अनुमान करतां येत होतें.

आतां या चुकांच्या मुळाशीं असलेला समज पाहूं. तो असा कीं, आडनांव एक म्हणजे कुटुंब एक. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखांतील ग्रांट, कॅम्बेल, फॉर्ब्स, मॅकिंटॉश इत्यादि नांवें कुळीचीं आहेत. एका मुख्याच्या छत्राखालीं राहणारे, त्याच्या जमिनी कसणारे व त्याच्यासाठीं लढणारे लोक त्याचें नांव लावीत; त्या सर्वांत रक्तसंबंध असेच असें नाहीं. आपल्याकडे शिंदे, मोरे, जाधव, पवार हीं आडनांवें लावणाऱ्या लक्षावधि लोकांस कोणी एका बापाचीं लेंकरें म्हणत नाहीं. ‘मॅक’ या गेल भाषेंतील शब्दाचा अर्थ पुत्र; मॅकिंटॉश, मॅकडोनल्ड हीं मूळचीं पितृनामें. पाणिनीनें अपत्यार्थी प्रत्यय सांगतांना अनंतर अपत्य आणि नातवापासून पुढचें अपत्य यांत भेद केला व दुसऱ्यासच गोत्र ही संज्ञा दिली. त्या भेदाचें महत्त्व येथें कळतें. पहिल्या पिढींत ‘अमक्याचा मुलगा’ हें सत्य वर्णन असतें. दहाव्या पिढींत तें नुसतें नांव राहतें. मुंबईस १८०४ सालीं लिटररी सोसायटी स्थापणारा न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश याच्या आडनांवावरून त्याच्या पित्याविषयीं कांहींच कळत नाहीं, तें याच कारणानें.

आमच्याच तालुक्यांतील उदाहरण घ्यावें. ‘पेणकर’ हें आडनांव हिंदूंत आहे, तसेंच बेने इस्रायल समाजांतही आहे. दोघांचे पूर्वज पेणेस राहत होते एवढेंच तें आडनांव सांगतें. ते एका कुळाचे असें सांगत नाहीं. जो पेणकर आणि पेणकर यांची वंशावळ एका तक्त्यांत आंखणार नाहीं, त्यानें ग्रांट आणि ग्रांट यांची तरी कां आंखावी?

दुसरा समज नांवें ठेवण्याच्या रीतीसंबंधीचा. थोरल्या मुलास आजोबाचें, दुसऱ्यास आईच्या बापाचें नांव देण्याची चाल स्कॉटिश घराण्यांत पुष्कळ दिसते. आपल्याकडेही नातवास आजोबाचें नांव ठेवतात, म्हणून ही चाल आपणांस चटकन् पटते. टिपणकर्त्यानें हिच्या आधारें तक्त्यांतील तीन रिकाम्या जागा भरल्या आहेत. परंतु चाल म्हणजे नियम नव्हे. खुद्द ग्रांट डफचेंच उदाहरण पाहा. त्याचा पिता जॉन. त्या रीतीप्रमाणें थोरला मुलगा जॉन असावयास हवा होता. त्याचें नांव आहे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे ज्या वरिष्ठाच्या हाताखालीं बापानें दक्षिणेंत काम केलें त्याचें संपूर्ण नांव मुलास दिलेलें. हाच पुढें १८८१ ते १८८६ पर्यंत मद्रासचा गव्हर्नर होता. दुसऱ्या मुलाचें नांव एन्स्ली. तें आईच्या माहेरचें आडनांव, कारण ती हिंदी वनस्पति-औषधींवर ग्रंथ लिहिणारा सर व्हाइटलॉ एन्स्ली याची कन्या. रीतीवर विसंबणारा संशोधक थोरल्या मुलाच्या नांवावरून एल्फिन्स्टन घराण्याशीं सोयरीक शोधीत बसेल; आणि ती कोठेंच सांपडणार नाहीं, कारण तेथें सोयरीक नव्हे, कृतज्ञता आहे.

तिसरा समज असा कीं, मनुष्य जन्मभर एकाच नांवानें ओळखला जातो. ‘डफ’ हें नांव १८१८ ते १८२२ या काळांतील साताऱ्याच्या कागदांत आढळत नाहीं, म्हणून टिपणकर्त्यानें तेथें दुसरा एक ‘कॅप्टन ग्रांट’ कल्पिला व त्यास तक्त्यांत चौथी जागा दिली. हा चौथा ग्रांट कधींच नव्हता. छत्रपति प्रतापसिंहांच्या दरबारीं असलेला साहेब त्या वेळीं केवळ ग्रांट होता. मातेकडील ईडनची मिळकत त्यास प्राप्त झाली तेव्हां, म्हणजे हिंदुस्थान सोडून स्वदेशीं गेल्यावर १८२५ च्या सुमारास, त्यानें डफ हें नांव जोडलें. १८२६ सालीं त्याचा इतिहास निघाला तो या जोडनांवानें, आणि आपण तेंच नांव मागें नेऊन साताऱ्यास चिकटविलें. मिळकतीबरोबर नांव घेण्याची ही रीत आपल्या दत्तविधानासारखी भासते, परंतु तशी ती नाहीं. दत्तक गेलेला पुत्र जनक कुळांतून निघून जातो. ग्रांटनें ग्रांट हें नांव सोडलें नाहीं व गोत्र बदलण्याचा प्रश्नच तेथें नव्हता. साम्य दिसलें कीं तेवढ्यावर थांबूं नये, भेद कोठें आहे तेंही पाहावें.

स्त्रियांच्या नांवांविषयीं टिपणांत जवळजवळ कांहींच नाहीं; आणि हा त्याचा मोठा दोष होय. स्कॉटलंडच्या जुन्या कागदांत विवाहित स्त्रीचें माहेरचें आडनांव कायम राहतें. बाप्तिस्म्याच्या नोंदींत, दस्तऐवजांत व थडग्यांवर तें पुष्कळदां मिळतें. इंग्लंडच्या नोंदींत ही सोय सहसा नसते. तेव्हां ज्या वाटेनें दोन सारख्या नांवांचे पुरुष वेगळे करतां येतात ती वाट आईच्या नांवाची आहे. जेम्सची आई डफ, एवढें ठाऊक असलें कीं त्याचें पुढचें नांव, मिळकत व स्वदेशीं स्थायिक होणें या सर्वांचा उलगडा होतो.

मात्र येथेंही सावधगिरी हवी. आमच्या जिल्ह्याचा इतिहास लिहिणारा कोणीही कुलाबा गॅझेटियरवांचून एक पाऊल टाकीत नाहीं. १८८३ सालीं निघालेल्या त्या खंडाचा संपादक जेम्स मॅक्नॅब कॅम्बेल हाही स्कॉटच. तो ग्लासगोनजीक पार्टिक येथें १८४६ सालीं जन्मला व १८६९ सालीं मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींत आला. त्याचा पिता जॉन मॅक्लाउड कॅम्बेल हा प्रसिद्ध धर्मशास्त्रज्ञ. मतभेदामुळें १८३१ सालीं स्कॉटलंडच्या धर्मसभेनें त्यास उपाध्यायपदावरून दूर केलें होतें. आणि माता? तिचें माहेरचें आडनांवही कॅम्बेल. आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध असल्यामुळें, नवराबायकोचें माहेर-सासर एकाच नांवाचें दिसलें कीं नोंद चुकली असें आपण म्हणूं लागतों. तिकडे तसा निषेध नाहीं. आपल्या धर्मशास्त्राचा नियम परक्या दप्तरास लावून नोंद ‘दुरुस्त’ करणारा मनुष्य खरी नोंद खोटी करून ठेवील.

केवळ दोष दाखवून थांबणें योग्य नव्हे. म्हणून कोणत्या साधनांस कोणता भाव द्यावा हेंही थोडक्यांत सांगतों. कंपनीच्या लष्करांत येणाऱ्या उमेदवारांचे अर्ज आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. त्यांसोबत वय सिद्ध करणारे बाप्तिस्म्याचे दाखले जोडलेले असतात. वंशसंशोधकास हा सर्वांत भक्कम पूल, कारण मुंबईचा मनुष्य व स्कॉटलंडचें गांव हीं दोन्हीं टोकें एका कागदावर मिळतात. त्याच दप्तरांत मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफन यांच्या नकला १७०९ पासून आहेत. येथें इतकें ध्यानीं ठेवावें कीं, १८१३ च्या सनदेनंतर स्कॉटिश पंथाचा धर्मोपदेशक मुंबईस आला व १८१९ सालीं सेंट अँड्र्यूज हें त्यांचें देऊळ उभें राहिलें. तत्पूर्वींचा स्कॉट मनुष्य इंग्रजी पंथाच्या सेंट टॉमसच्या वहींत शोधावा लागतो. तेथें त्याचें नांव आहे म्हणून तो इंग्रज ठरत नाहीं.

खुद्द स्कॉटलंडांत १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या वह्या गांवोगांवच्या देवळांच्या. कांहीं सोळाव्या शतकापासूनच्या, कांहीं मध्येंच तुटलेल्या. १८४३ सालीं तेथील धर्मसंस्थेंत मोठी फूट पडून स्वतंत्र पंथ निघाला. हर्णै येथें मराठी शिकून पुढें मुंबईस शाळा चालविणारे डॉ. जॉन विल्सन त्याच नव्या पंथांत गेले. तेव्हां १८४३ ते १८५५ या बारा वर्षांत एखादें कुटुंब जुन्या देवळाच्या वहींत मिळालें नाहीं, तर तें निर्वंश झालें किंवा देशांतर करून गेलें असें समजूं नये. तें कदाचित् रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या देवळांत गेलेलें असतें. नोंद नाहीं याचा अर्थ मनुष्य नाहीं असा होत नाहीं.

कालगणनेंतही घोटाळा आहे. स्कॉटलंडांत वर्षारंभ १६०० सालापासून १ जानेवारीस धरूं लागले. इंग्लंडांत तो १७५२ पर्यंत २५ मार्चास होता. त्यामुळें मधल्या दीडशें वर्षांतील जानेवारी-फेब्रुवारीची एकच तारीख दोन देशांच्या कागदांत दोन सालांची दिसते. चैत्री शक व मृगसालाचा सुहूर सन यांचा मेळ घालतां घालतां ज्यांचे केस पांढरे झाले, त्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणें नलगे.

मुलखांचीं नांवेंही स्थिर नसतात. आमचें गडब आज रायगड जिल्ह्यांत आहे. १९८१ पूर्वींच्या कागदांत तें कुलाब्यांत शोधावें लागेल. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला, त्यामागचे कागद ठाण्याच्या दप्तरांत पाहावे लागतील. गांव जागचें हललें नाहीं, दप्तर हललें. बँफचेंही तसेंच, तें पूर्वीं बँफशायरचें मुख्य गांव होतें, आज अॅबर्डीनशायरच्या कारभारांत मोडतें.

शेवटीं मोडी कागद. यांचा उपयोग परक्या घराण्यांच्या शोधांत कोणी फारसा करीत नाहीं, व तेथें आमच्या संग्राहकांस मोठें काम आहे. परंतु मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द सलग लिहिलेले, आणि साहेबांचीं नांवें कारकुनाच्या कानांनीं ऐकलेलीं. एल्फिन्स्टनचा ‘अल्पिष्टन’ झाला, तो आतां सर्वांस ओळखूं येतो. फॉर्ब्सचा ‘फार्बस’ झाला व मुंबईच्या एका गुजराती सभेच्या नांवांत कायमचा राहिला. कमी प्रसिद्ध साहेबांचीं नांवें अद्याप कोणी ओळखलेलीं नाहींत. आमच्या मित्रानें तक्ते आंखण्याऐवजीं आपल्या रुमालांतील अशीं नांवें तारखांसह उतरून काढावीं. तें काम लंडनचा कोणीही संशोधक करूं शकणार नाहीं.

आतां चुकीच्या मुळाविषयीं. गव्हर्नर ग्रांट व इतिहासकार ग्रांट यांचा संबंध जोडणाऱ्या वाक्यापुढें टिपणाच्या समासांत बारीक अक्षरांत प्रमाण दिलें आहे : ‘गुरुजींचे सांगण्यावरून’. गुरुजी म्हणजे आम्ही. मुंबईचा ग्रांट रोड आणि १८४५ सालीं सुरू झालेलें ग्रांट मेडिकल कॉलेज हीं इतिहासकार ग्रांटच्या घराण्याचीं स्मारकें असें आम्हीं वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों. तें आम्हांस कोणी सांगितलें हें आज आठवत नाहीं. कोठें वाचलें तेंही आठवत नाहीं. हीं दोन्हीं नांवें गव्हर्नर रॉबर्ट ग्रांट याचीं आहेत, इतिहासकाराशीं त्यांचा संबंध नाहीं. १८६७ सालीं कीर्तन्यांनीं ग्रांट डफच्या इतिहासावर टीका करून ऐकीव गोष्टीवर विसंबूं नये हें महाराष्ट्रास शिकविलें, आणि आम्हीं त्याच ग्रांट डफविषयीं ऐकीव गोष्ट मुलांस शिकविली! विद्यार्थ्यानें ती श्रद्धेनें जतन केली, पंचवीस वर्षांनीं तिच्यावर तक्ता उभारला, व त्याची एक प्रत परदेशांतील ग्रांट आडनांवाच्या एका पत्रलेखकास पाठविली. त्या गृहस्थानें आभार मानून, आपल्या मुलांस आपला पूर्वज सांपडला असें उत्तर लिहिलें. हें उत्तर आम्हीं वाचलें तेव्हां फार वाईट वाटलें. आमच्या खारेपाटांतला शेतकरी जाणतो कीं बांधास पडलेलें भोंक बोटाएवढें असलें तरी उधाणाचें पाणी तेथूनच शिरतें, आणि खांड पडली कीं सगळें शेत खारें होतें. ती खांड दुसऱ्याच्या शेतांत पडली होती.

त्या गृहस्थास दुरुस्तीचें पत्र आमच्या विद्यार्थ्यानें व आम्हीं उभयतांच्या सह्यांनीं धाडलें आहे. टिपणाविषयीं आमची सूचना अशी : तें फाडूं नये, खोडूंही नये. मूळ जसेंच्या तसें ठेवून पुढें दुरुस्तीचें पान जोडावें, व समासांतील ‘गुरुजींचे सांगण्यावरून’ हे शब्द तेथेंच राहूं द्यावे, म्हणजे चूक कोठून आली याचाही पुरावा राहील. ज्या संबंधास कागद नाहीं तेथें तक्त्यांतील जागा कोरी ठेवावी. आपल्या स्वतःच्या कुलवृत्तांतांतही ज्या पिढ्या ‘वडिलांचे सांगण्यावरून’ भरलेल्या आहेत, त्यांच्यापुढें तसें स्पष्ट लिहून ठेवण्याचें धैर्य वाचकांनीं दाखवावें, एवढी विनंती करून हें लेखन पुरें करतों. इत्यलम्.

गडब, ता. पेण.